वाचकांचे प्रश्न : हा आकडा आला कुठून?

प्रश्न : मी पुण्यात सीएची आर्टिकलशिप करतोय. इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, फायनान्स विभागात आलोय. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी ६० लाखांच्या व्हीएमसी मशीनची (धातूचे भाग कापून घडवणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या यंत्राची) फाइल दिली. सध्या एका भागाचं मशिनिंग बाहेर जॉबवर्कला जातं, नगाला ७५ रुपये. मशीन घेतलं तर तेच काम घरात ४० रुपयांत होईल. वर्षाला ६० हजार नग, म्हणजे २१ लाख वाचणार आणि पेबॅक, म्हणजे घातलेला पैसा परत यायचा काळ, तीन वर्षांच्या आत. "मागच्या फाइलीवरून बाकीचे आकडे भर आणि एनपीव्ही, आयआरआर काढून आण," असं साहेब म्हणाले. सूत्रं मला तोंडपाठ आहेत : पुढच्या सगळ्या वर्षांची बचत आजच्या भावात आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की एनपीव्ही, आणि ज्या दराला तो शून्य होतो तो आयआरआर. पण भरायचे आकडे बरोबर आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? – एक आर्टिकल, चिंचवड

उत्तर : हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात पडला, याचा मला फार आनंद झाला. मला तो पडायला दीड वर्ष लागलं होतं.

मी १९९४ साली कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉस्टिंगची ट्रेनी म्हणून लागले. लोखंड वितळवायचा कोळशावरचा क्युपोला काढून विजेची इंडक्शन भट्टी घ्यायची होती, त्याच्या हिशेबाची शीट मी केली. तेव्हा आमच्याकडे एक्सेल नव्हतं. जाड रेघांचे मोठे कागद आणि कॅल्क्युलेटर, एवढंच. भट्टी वर्षाला ३०० दिवस चालेल, असं मी धरलं. कुठून आणले ३०० दिवस? ३६५ मधून साप्ताहिक सुट्ट्या आणि सणवार वजा केले, झालं. आमचे साहेब कागद बघून म्हणाले, "एकदा खाली जाऊन भट्टीवरच्या मामांना दाखवून ये."

मामांनी हात पुसले, कागद हातात न घेता माझ्याकडूनच वाचून घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमची भट्टी कागदावर लई पळतीया. लायनिंग कोण बदलणार? त्याला दोन दिस भट्टी थंड ठेवाय लागती, मग सिंटरिंग. आन् जोतिबाच्या यात्रंला निम्मी मोल्डर पोरं जात्यात. सुगीत तर इचारूच नगा." लायनिंग म्हणजे भट्टीचा आतला उष्णता सोसणारा थर, सिंटरिंग म्हणजे नवा थर तापवून पक्का करणं, आणि मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारे. आम्ही दोघांनी तिथेच वाळूच्या ढिगाशेजारी उभं राहून महिन्यामहिन्याचे दिवस मोजले. ३०० चे २६० झाले. सूत्र तेच होतं, कॅल्क्युलेटर तोच होता. पेबॅक मात्र चांगलाच लांबला.

आता तुझ्या मशीनकडे येऊ. तुझ्या शीटमधल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेव आणि विचार : हा आकडा आला कुठून?

पहिला आकडा ६० लाखांचा. ही कोटेशनची किंमत. मशीन ट्रकमधून उतरलं की फाउंडेशन लागतं, स्टॅबिलायझर लागतो, फिक्स्चर (भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) आणि पहिला टूलिंगचा संच लागतो. त्याचे ६ लाख धरू, म्हणजे ६६ झाले. वर १८ टक्के जीएसटी आहे. मशीनच्या किमतीवरच १० लाख ८० हजार. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून तो वजा करता येतो, म्हणून तो खर्चात धरायचा नाही, हे तुला माहीत असणारच. पण क्रेडिट वापरून संपेपर्यंत तेवढी रक्कम अडकून पडते. ती आणायची कुठून, हे बँकेशी बोलणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेव.

यानंतरची गोष्ट हमखास सुटते. जॉबवर्कवाला तुम्हाला उधारी देत असणार. ४५ दिवसांची धरू, लघुउद्योगाला देणं त्याच्या पुढे लांबवता येतच नाही. वर्षाचं जॉबवर्क ४५ लाखांचं, म्हणजे साधारण साडेपाच लाख रुपये कायम त्याचे तुमच्याकडे वापरात असतात. काम घरात आणलं की ही उधारी गेली. ऑपरेटरचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि वीजबिल भरायला महावितरण ४५ दिवस थांबत नाही. म्हणून हे साडेपाच लाखही गुंतवणुकीतच धरायचे. ६० चे आता साडेएकाहत्तर लाख झाले.

तिसरा आकडा त्या ४० रुपयांचा. त्याची फोड कर. इन्सर्ट, टूल, कूलंट, वीज हे नगाबरोबर वाढतं. ते २५ रुपये धरू. उरलेले १५ रुपये म्हणजे दोन शिफ्टचे ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा करार. ६० हजार नगांवर त्याचे ९ लाख होतात, आणि नग निम्मे झाले तरी ते ९ लाखच राहतात. नगाला ४० रुपये हा दर फक्त ६० हजार नगांना खरा आहे. जॉबवर्कमध्ये असं नसतं. नग नाहीत तर बिल नाही.

चौथा आकडा पहिल्या वर्षाचा. मशीन बसलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून माल जात नाही. ट्रायल होतात, नमुने जातात, ग्राहकाचं पीपॅप (भाग त्याच्या अपेक्षेप्रमाणे बनतोय याची मंजुरी) व्हावं लागतं. तोवर जॉबवर्क चालूच. पहिल्या वर्षी घरात ३८ हजार नग होतील असं धर. जॉबवर्कच्या ७५ मधून २५ गेले की नगामागे ५० रुपये उरतात. ३८ हजार गुणिले ५० वजा ९ लाख, बरोबर १० लाख वाचतात.

आता मशीन सात वर्षं चालेल असं धरून आणि पुढची बचत १२ टक्के दराने आजच्या भावात आणून हिशेब मांडू. सोपं व्हावं म्हणून कर, घसारा आणि शेवटी मशीन विकून येणारा पैसा मी इथे बाजूला ठेवते. तुझ्या फाइलीत ते हवेतच. फाइलीतल्या मूळ आकड्यांनी एनपीव्ही येतो जवळपास ३५ लाख ८० हजार. दुरुस्त आकड्यांनी येतो साडेचौदा लाख. मशीन अजूनही परवडतंय. आता दुसऱ्या वर्षापासून ६० ऐवजी ४५ हजारच नग धरून बघ. वर्षाची बचत साडेतेरा लाखांवर येते आणि एनपीव्ही उणे १३ लाख होतो. नग पाव हिश्शाने घटले आणि साडेचौदा लाखांच्या फायद्याचं १३ लाखांच्या तोट्यात रूपांतर झालं.

एनपीव्ही शून्य धरून शीट उलटी सोडवली की कळतं, दुसऱ्या वर्षापासून वर्षाला ५२ हजार नगांच्या खाली गेलात की हे मशीन परवडत नाही. सगळ्या फाइलीतला हा सर्वांत उपयोगाचा आकडा, आणि तो कुठल्याही तयार एक्सेलमध्ये नसतो. आता नुसतं मार्केटिंगकडे जाऊन थांबू नकोस. त्यांच्याकडे ग्राहकाचं शेड्यूल, म्हणजे तो किती नग घेईन म्हणतो तेवढंच, असतं. डिस्पॅचला जा आणि गेल्या २४ महिन्यांत या भागाची खरी उचल किती झाली ते इन्व्हॉइसवरून महिनेवार काढ. शेड्यूल एका रकान्यात, उचल दुसऱ्यात. ते दोन रकाने साहेबांपुढे ठेव आणि सोबत ५२ हजारांचा आकडा सांग. आयआरआर कितीही येवो, खरी चर्चा तिथूनच सुरू होईल.

प्रश्न : आमचे इचलकरंजीत माग आहेत. मुलगी पुण्यात एका कंपनीत फायनान्सचं काम शिकते. साधे माग काढून रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) घ्यायचं चाललंय. ती म्हणते, १२-१३ टक्के दर लावून हिशेब करा. अहो, पैसा घरचा आहे, कर्ज नाही, मग व्याज कोणाला द्यायचं? दोघांत वाद होतो. तुम्हीच सांगा. – एक मागवाले, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमच्या घरात किंवा गल्लीत लिलावाची भिशी नक्की चालत असणार, तिच्यापासून सुरुवात करू. वीस जणी, प्रत्येकीचे पाच हजार, महिन्याला लाख रुपये गोळा होतात. तिसऱ्याच महिन्यात एखादी लाखाची भिशी ८६ हजारांना उचलते आणि उरलेले १४ हजार वीस जणींत सातसातशे वाटले जातात. का? कारण तिला पैसा आज हवाय. जी शेवटपर्यंत थांबते तिला पूर्ण लाख मिळतात, शिवाय दर महिन्याची वाटणी. तिथे पैसा बाहेरचा कोणाचाच नाही, सगळा घरचाच. तरीही आजच्या पैशाला आणि पुढच्या पैशाला वेगळा भाव लागतो, आणि तो चहा पिता पिता ठरतो. मुलगी सांगतेय ते याहून वेगळं काही नाही.

आता तुमच्या धंद्यातलंच बघा. सूत रोखीनं घेतलं तर महिन्याच्या उधारीपेक्षा दीड टक्का स्वस्त मिळत असेल, तर तुमचा घरचा पैसा सुतात महिन्याला दीड, म्हणजे वर्षाला १८ टक्के कमावतो. तोच पैसा काढून मागात घातला की ती सूट गेली. तेव्हा रॅपियरनं निदान तेवढं तरी मिळवून द्यायला हवं. घरच्या पैशाचा दर ठरवताना बँकेला काय देता ते बघू नका, तोच पैसा दुसरीकडे काय मिळवतोय ते बघा. तुमच्या सौदेपट्ट्या काढा, रोख आणि उधारी या दोन्ही भावांतला खरा फरक मुलीला द्या. तो आकडा तिला कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

मुलीसाठी एक गणित. समजा ६० टक्के पैसा घरचा आणि त्यावर १६ टक्क्यांची अपेक्षा. ४० टक्के कर्ज १० टक्क्यांनी. कंपनीने नव्या दराने कर भरायचा ठरवला असेल तर अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के. व्याज खर्चात धरलं जातं, म्हणून कर्ज खरं पडतं साधारण साडेसात टक्क्यांना. दोन्ही मिळून सरासरी येते १२.६. तिचे १२-१३ टक्के बहुधा असेच आले असणार. पण ताई, तो दर तुझ्या कंपनीचा आहे. बाबांच्या मागावर कर्जच नसेल तर तोच जसाच्या तसा लावू नकोस. शिवाय जुना माग बदलणं आणि संपूर्ण नव्या जातीचं कापड विणायला घेणं, या दोन्हींची जोखीम सारखी नसते. पहिल्यात बाजार ओळखीचा, दुसऱ्यात नाही. दुसऱ्याला दर चढा लाव.

मी शिकत होते तेव्हा बँकेचं कर्ज १६ ते १८ टक्क्यांनी मिळायचं. त्या काळात पाचव्या-सहाव्या वर्षाची बचत आजच्या भावात आणली की अगदी लहान व्हायची, म्हणून सगळे पेबॅकवर बोट ठेवायचे. आज दर उतरलेत आणि लांबच्या वर्षांचे आकडे शीटवर मोठे दिसतात. त्या लांबच्या वर्षांत काय होईल हे आपल्याला तेव्हा जितकं कळायचं तितकंच आजही कळतं, हे लक्षात असू दे.

प्रश्न : मी बी.कॉम. झाल्यावर नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. गुंतवणुकीचे निर्णय कसे घेतात ते शिकायचं होतं. पाच महिने झाले, व्हाउचर लावणं आणि बिलांवर शिक्के मारणं एवढंच चाललंय. माझं वर्ष फुकट जातंय का? – एक अप्रेंटिस, नाशिक

उत्तर : तुझी तगमग मला कळते. साहेबांना सांगून महिन्यातून निदान दोन दिवस शॉपवर आणि स्टोअरमध्ये जायला परवानगी माग. लेखी माग, नम्रपणे माग, पण मागच. शिकाऊ म्हणून घेतलंय तर शिकवणं हे त्यांचं कामच आहे.

तोवर त्या व्हाउचरांचं काय करायचं ते सांगते. कारखान्याचं वीजबिल तुझ्या हाताखालून जातं ना? पुढच्या महिन्यात शिक्का मारण्याआधी त्याला अर्धा तास दे. करारातली मागणी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची मुभा आहे ती, किती केव्हीए (तिचं एकक) आहे ते बघ. त्या महिन्यात नोंदलेली कमाल मागणी किती ते बघ. या मागणीवरचा डिमांड चार्ज वेगळा आहे, युनिटचा आकार वेगळा, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी वीज वापरली त्याप्रमाणे दर बदलतो. गेल्या १२ महिन्यांची बिलं काढून हे सगळे आकडे एका कागदावर ओळीनं लिही.

उद्या नव्या मशीनचा प्रस्ताव आला की कोणीतरी लिहिणार, "वीज : अमुक युनिट गुणिले अमुक रुपये." तुला मात्र ठाऊक असेल की मशीनबरोबर कमाल मागणीही वाढते, करारापेक्षा वर गेली तर दंड लागतो आणि करार वाढवला तर मशीन बंद असलं तरी डिमांड चार्ज वाढलेलाच राहतो. तुझ्या वरच्या खुर्चीतल्या माणसालाही हे बिल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

तसंच वाहतुकीच्या व्हाउचरचं आणि स्क्रॅपविक्रीचं. स्क्रॅप दर महिन्याला किती किलो जातं? त्यावरून रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, कळतं, आणि नव्या मशीनने रिजेक्शन किती कमी होईल या दाव्याला काही आधार आहे का तेही कळतं. पाच महिन्यांत तुझ्या हातून हजारभर कागद गेले असतील. वर्ष फुकट गेलेलं नाही.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातला, एम.कॉम. करतो. आमच्याकडे दाभोळ वीज प्रकल्पाच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. भांडवली गुंतवणुकीचा अभ्यास म्हणून त्याकडे कसं बघावं? – एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : राजकारण आणि आरोप-प्रत्यारोप पुष्कळ लिहून आलेत. ते बाजूला ठेव आणि फक्त शीट डोळ्यांपुढे आण.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीचा आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा वीजखरेदीचा करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी होऊन तो उभा राहिला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि प्रकल्प तिच्याकडे आला.

यातली यंत्रणा अशी. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल तर मंडळाने ती घेवो न घेवो, ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. म्हणजे वर चिंचवडच्या मुलाच्या मशीनवरचे ते ९ लाख. युनिट कमी घेतले की तीच मोठी रक्कम थोड्या युनिटांवर पडते आणि प्रत्येक युनिट महाग होतं. महाग म्हणून मंडळ कमी घेणार, कमी घेतलं म्हणून आणखी महाग होणार. त्यात देणं डॉलरशी बांधलेलं. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. पहिल्या टप्प्याचं इंधन नॅफ्था (खनिज तेलापासून मिळणारं), त्याचे भावही वर गेले.

तू स्वतःला दोनच प्रश्न विचार. महाराष्ट्राला इतकी वीज या भावात लागेल, हा अंदाज कोणाचा होता? आणि तो चुकला तर नुकसान कोणी सोसायचं असं कागदावर लिहिलं होतं? माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे. विद्यार्थी प्रकल्पाचा आयआरआर काढतात, पण मागणी घटली तर कोणाच्या खिशातून जातं हा रकाना त्यांच्या शीटवर नसतो. तो घालून हा अभ्यास कर. आजूबाजूच्या गावांत त्या काळी प्रकल्पावर काम केलेली माणसं आहेत, त्यांच्याशीही बोल.

एक सोपी सवयही लाव. कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट वाचायला मिळतो. २०२१-२२ पासून त्यात अपूर्ण भांडवली कामांचं वय द्यावं लागतं : एक वर्षाच्या आतली किती, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी किती. तो छोटा तक्ता काढून बघ. कोणाचे पैसे कुठे अडकलेत, हे तिथे उघड दिसतं.

प्रश्न : वाळूजच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. मालकांना एक उत्पादन लाइन घ्यायचीच आहे. माझ्या शीटमध्ये आयआरआर १३ टक्के येतोय. साहेब म्हणाले, "२० च्या वर आला पाहिजे, बघ कसं बसतं ते." दोन रात्री झोप नाही. नोकरी कायम व्हायची आहे. काय करू? – एक ट्रेनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते. १९९७ ची गोष्ट. ट्रकच्या एका भागासाठी नवी मोल्डिंग लाइन घ्यायची होती. कंपनीचं नाव सांगत नाही. ग्राहकाचं पत्र फाइलीत नव्हतं, "तोंडी ठरलंय" एवढंच. नगांचा आकडा मला वरून सांगण्यात आला आणि मी तो भरला. खाली कुठेही लिहिलं नाही की हा आकडा सांगीव आहे. आयआरआर २३ टक्के आला, बँकेनं कर्ज दिलं, लाइन आली. त्याच वर्षी ट्रकची मागणी कोसळली. ऑर्डर आलीच नाही. त्या लाइनवर निळी ताडपत्री टाकली होती आणि पावसाळ्यात तिच्या खोलगट भागात पाणी साचायचं. हप्ते चालू होते. लाइनसाठी घेतलेली १४ कंत्राटी पोरं दोन महिन्यांत घरी गेली. कोणी मला दोष दिला नाही, कारण आकडा माझा नव्हताच. पण अक्षर माझं होतं. ते मला अजून टोचतं.

म्हणून तुला सांगते, आकडा गुपचूप बदलू नकोस. भांडूही नकोस. शीटच्या सुरुवातीला गृहीतकांचं एक वेगळं पान जोड. चार रकाने : आकडा, कोणी दिला, कुठल्या तारखेला, त्याचा कागद कुठे आहे. मग २० टक्के यायला नग किती लागतात ते उलटं सोडवून काढ आणि बैठकीच्या आधी साहेबांना एकट्याला भेट. असं म्हण : "साहेब, २० टक्के बसतो, पण त्याला वर्षाला इतके नग लागतात. गेल्या दोन वर्षांत जास्तीत जास्त इतकेच गेलेत. तुम्ही सांगाल तो आकडा धरते, फक्त 'व्यवस्थापनाचा अंदाज' असं त्यापुढे लिहिते. चालेल ना?" बहुतेक साहेब इथे थांबून विचार करतात. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं.

कदाचित मालकांकडे दुसरं कारण असेल आणि ते खरंही असेल. मोठा ग्राहक म्हणत असेल, ही लाइन नसेल तर सगळाच धंदा काढून घेतो. किंवा जुन्या लाइनवर माणसांना इजा होत असेल. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेला आयआरआर काढत बसायचं नसतं, ती बसवायचीच असते. अशी कारणं शब्दांत लिहावीत : "आयआरआर १३ टक्के आहे, तरी या कारणासाठी लाइन घ्यावी असा प्रस्ताव." असा कागद संचालकांसमोर मी स्वतः ठेवलाय आणि तो मंजूर झालेला पाहिलाय. १३ चे २० करायची गरजच पडली नाही.

आणि एवढं करूनही "तो रकाना काढ, आकडा तसाच ठेव" असं सांगितलं गेलं, तर तिथे कायम होण्याची घाई करू नकोस. दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात कर. घरी आईवडिलांना खरं कारण सांग.

ताडपत्रीच्या त्या वर्षानंतर मी एक वही घातली. साधी शंभर पानी. कंपनीचे कागद घरी न्यायचे नसतात, म्हणून ती ऑफिसच्याच ड्रॉवरमध्ये असायची. डाव्या पानावर प्रस्तावातले आकडे : किंमत, नगामागची बचत, नग, सुरू होण्याचा महिना. उजवं पान कोरं. दोन वर्षांनी उजव्या पानावर खरे आकडे लिहायचे. हे कोणी सांगितलेलं काम नव्हतं. दिवाळीच्या आधी सुट्या लागल्या की ऑफिस शांत व्हायचं, तेव्हा मी ते करायचे. मशीनची किंमत थोडीफार इकडेतिकडे व्हायची. नगामागची बचत बहुतेक वेळा बरोबर निघायची, कारण ती भट्टीवरच्या त्या मामांसारख्या माणसांनी सांगितलेली असायची. चुकायचे ते नग, आणि सुरू होण्याचा महिना. तूही या लाइनचं डावं पान आजच लिहून ठेव, १३ टक्क्यांसकट.